ठंदौरचे छत्तोपंत

दत्तोपंत सुपेकरांना इंदौरच्या अर्ध्या रामबाग मोहल्ल्यात छत्तोपंत म्हणतात, त्याला मी कारण आहे. मुद्दाम केलं नाही. मुद्दाम करायला अक्कल लागते, आणि त्या दिवशी माझ्याकडे फक्त स्पीड होता.

मी धारच्या शाळेत शिकलेला. तिथे हिंदी टायपिंगच्या परीक्षेत पहिला आलो, म्हणून इंदौरने मला हार घालून न्यावं अशी माझी समजूत होती. इंदौरने मला भंवरकुआंला अशोक भियाच्या, म्हणजे अशोकभैयांच्या, दुकानात बसवलं. टायपिंग, झेरॉक्स, लॅमिनेशन. आजूबाजूला सगळी कोचिंगची मुलं, त्यामुळे दिवसभर नोट्स आणि बायोडाटा. मी स्क्रीनकडे न बघता टाइप करायचो. डोळे कागदावर, बोटं बटणांवर, आणि मान जरा अशी वळवलेली की कोचिंगच्या मुलींना दिसावं, टायपिंगवाला बघतसुद्धा नाही.

दत्तोपंतकाका दुकानात आले त्याच्या आदल्या दिवशी कॉम्प्युटरमध्ये व्हायरस शिरला. अशोक भिया उज्जैनला साडूकडे गेलेले. मी कुणाला न विचारता फॉरमॅट मारलं, सगळं नव्याने टाकलं, आणि हात झटकले. मशीन पुन्हा कोरं झालं, कंपनीतून आलं होतं तसं. म्हणजे अशोक भियांनी दोन वर्षं बसून त्याला ज्या सवयी लावल्या होत्या त्या सगळ्या ते विसरलं. कोपऱ्यात डोळे मिचकावणारी एक कागदाची क्लिप येऊन इंग्रजीत विचारायला लागली, पत्र लिहिताय का, मदत करू का. हिंदीच्या प्रत्येक शब्दाखाली लाल वळवळती रेघ यायला लागली, कारण मशीनच्या मते ते सगळंच चुकलेलं इंग्रजी होतं. सगळंच लाल असलं की खरी चूक कुठली ते कळत नाही. मला तर बघायचंच नव्हतं.

अशा मुहूर्तावर काका आले.

इस्त्रीचा बुशशर्ट, खिशाला दोन पेनं, एक निळं, एक लाल. कापडमिलच्या टाइम ऑफिसात तीस वर्षं होते. प्रत्येक कामगाराच्या हाजरीच्या टिकटावर नाव लिहायचं काम त्यांचं. मिलला टाळं लागून आता काही वर्षं झाली होती. भोंगा बंद झाला तेव्हा परदेशीपुऱ्यातल्या, म्हणजे मिलच्या वस्तीतल्या, लोकांना आठवडाभर कधी जेवायचं ते कळेना, असं काका सांगायचे. ते मात्र तेव्हापासून इकडे-तिकडे लिहायचीच कामं करत होते: लग्नाच्या पाकिटांवर नावं, गणपतीच्या वर्गणीच्या पावत्या, लालबागेत मेळा लागला की दुकानांच्या पाट्या. काकूंच्या शिलाई मशीनवर घर चालत होतं, आणि हे ते स्वतःच हसत सांगायचे, पण हसताना पेनाचं टोपण उघड-बंद करायचे.

"हे टाइप करायचंय," म्हणाले. "जल्दी नाही. पण आजच पाहिजे."

एका शाळेने माणूस मागितला होता. शाळेच्या ऑफिसात बसून प्रमाणपत्रांवर, दाखल्यांवर, बक्षिसांच्या पुस्तकांवर नावं लिहायची. अट: अक्षर सुंदर पाहिजे. आणि खाली दुसरी अट: अर्ज टाइप केलेला पाहिजे.

मी म्हटलं, "काका, अक्षराची नोकरी आणि अर्ज टाइप केलेला? हे काय?"

"दुनियेची रीत आहे, मानसराव. गाणाऱ्याला पहिले विचारतात, तबला घरचा आहे का."

मानसराव म्हणणारे पहिलेच. धारला मला मान्या म्हणतात.

त्यांनी हाताने लिहिलेला कागद पुढे ठेवला. अक्षर असं की टाइप करायला लाज वाटावी. प्रत्येक द ला खाली एक लहानसं वेटोळं, शेपटी वळून पुन्हा दांड्याला टेकलेली. मिलमधली सवय, म्हणाले. टिकटावर जागा कमी असायची, तर शेपटी बाहेर जाऊ द्यायची नाही.

मी टाइप केलं, प्रिंट काढलं, दोनदा घडी घातली, पाकिटात घातलं, पाकीट चिकटवलं. हे सगळं एका दमात. काका चश्मा शोधत होते. "एकदा पाहून घेतलं असतं," म्हणाले.

"काका, छापलेलं आहे," मी म्हटलं.

ते लाजले, चश्मा परत खिशात ठेवला. "हो, ते पण बरोबर आहे."

तीन दिवसांनी परत आले. तोच बुशशर्ट, पण आता त्याला इस्त्री नव्हती. काउंटरवर अर्ज ठेवला. शाळेच्या बाबूने लाल पेनाने गोल काढून परत दिला होता. सगळ्यात वर, एका ओळीत एकटं, अर्जदाराचं नाव: छत्तोपंत सुपेकर. त्याखाली पत्ता, आणि शेवटच्या ओळीत गाव: ठंदौर. पुढे साहेबांना उद्देशून 'म्होदय'.

"बाबू म्हणाला, ये ठंदौर कौन से जिले में पड़ता है." काका हळू बोलत होते. "सगळे हसले. मी पण हसलो. मग म्हणाला, बाबूजी, जो आदमी अपना नाम नहीं देख सकता, वो हमारे बच्चों के नाम क्या लिखेगा. बरोबर आहे ना त्याचं. मी असतो तर मी पण हेच म्हटलं असतं."

आता इथे साधं होतं. माफ करा काका, माझ्याकडून झालं, एवढं म्हणायचं होतं. पण बाजूला दोन मुली झेरॉक्ससाठी उभ्या होत्या, आणि मी भंवरकुआंचा सगळ्यात फास्ट टायपिस्ट होतो. खरं म्हणजे चूक कशी झाली ते मलाही मालूम नव्हतं. मी सळईला टोचून ठेवलेला त्यांचा हाताने लिहिलेला कागद काढला.

"काका, हे बघा. तुमचा द. ही शेपटी अशी वळते ना, छ वाटतो."

काकांनी कागद घेतला. चश्मा लावला. अर्ज मी माझ्या हातात धरला होता, कारण मधल्या ओळीत '...कि मैं दत्तोपंत सुपेकर' असं तेच नाव बरोब्बर आलं होतं. ते मला दिसलं. काकांना दिसू नये म्हणून मी अंगठा तिथे ठेवला.

इंदौरच्या इ चं काय, हे त्यांनी विचारलंच नाही.

"असेल," ते म्हणाले. द वरून बोट फिरवलं. "असेल बाबा. तीस वर्षं असाच काढून राहिलो. कुणी बोललं नाही. मिलमध्ये मला कोण बोलणार, टाइम ऑफिसवाल्याला."

मग म्हणाले, "तुझा उगीच टाइम गेला."

हे मला म्हणाले.

पुढच्या आठवड्यात काकांनी जे केलं ते मला त्यांचे मिलमधले दोस्त दिनानाथजी यांच्याकडून कळलं. हे मिलमध्ये साच्यावर, म्हणजे मागावर, होते, आता आमच्या दुकानाशेजारी चहाची गाडी लावतात. एकदम येऊन माझ्या काउंटरवर वाकले.

"अरे, तेरे उस सुपेकर बाबू को क्या हो गया? काल माझ्याकडे आला. विचारतो, दिनानाथ, तुझ्या टिकटावर कुणी कधी छिनानाथ वाचलं का रे? मी म्हटलं, बाबूजी, तब्येत ठीक आहे ना? तर म्हणे, सच बता, कधी नावामुळे हाजरी कटली का. दगडूला विचारून आला, दामोदरला विचारून आला. द वाल्या सगळ्यांकडे जाऊन राहिला."

"मग तुम्ही काय म्हटलं?"

"मी म्हटलं, टिकट वाचतो कोण? टिकट तर पंच करतात. लेकिन वो माना नहीं." दिनानाथजी हसायला लागले. "आता आम्ही सगळे त्याला छत्तोपंत म्हणतो. तो पण हसतो. बढ़िया नाम है."

मीही हसलो. चहा घेतला.

त्याच दिवशी संध्याकाळी अशोक भिया उज्जैनहून परतले आणि दुकानाच्या भाडेकराराचं पत्र स्वतः टाइप करायला बसले. पहिली ओळ म्हणजे त्यांचं नाव. एकदम थांबले.

"ओ मानस. इधर आ. मैं टशोक कब से हो गया?"

मी वाकून बघितलं. अशोकच्या जागी टशोक.

"भिया, मला वाटतं तुमचं बोट..."

"मेरा बोट-वोट छोड़. फॉरमॅट कोणी मारलं?"

"मी."

"मग सेटिंग कोण करणार? तुझा मामा येणार धारवरून?"

त्यांनी एक मेन्यू उघडला, त्यात एक खिडकी, खिडकीत टिकमार्कांची रांग. एका ओळीसमोरचा टिकमार्क काढला. मग दुसरी खिडकी, लाल रेघा बंद. क्लिपलाही हाकलली. पुन्हा नाव टाइप केलं: अशोक.

गोष्ट एवढीच होती. आमच्या कृतिदेव फॉन्टमध्ये इंग्रजीच्याच बटणांवर हिंदी अक्षरं बसवलेली असतात. लहान n दाबला की द, मोठा N दाबला की छ. लहान b ला इ, मोठ्या B ला ठ. लहान v ला अ, मोठ्या V ला ट. आणि टायपिंगच्या प्रोग्रामला जन्मतःच एक संस्कार दिलेला असतो: वाक्याचं पहिलं अक्षर लहान दिसलं की न विचारता मोठं करायचं. इंग्रजीत ही सभ्यता आहे. आपल्याकडे त्यामुळे दत्तोपंताचा छत्तोपंत होतो, तेही फक्त ओळीच्या सुरुवातीला. मध्ये कुठे नाव आलं तर शाबूत. जिथे माझा अंगठा होता तिथे.

"नवीन मशीन आलं की पहिले हे करायचं," अशोक भिया म्हणाले. "हाथ धोने जैसा. किसी का कुछ गलत तो नहीं गया ना?"

"नाही," मी म्हटलं.

ती टिकमार्कवाली खिडकी मी नंतर कितीतरी वेळा उघडून बघितली. एक क्लिक. काकांना अर्ज देण्याआधी मी एकदा मान सरळ करून स्क्रीनकडे बघितलं असतं तर तेवढंही लागलं नसतं.

रविवारी त्यांच्या घरी गेलो. रामबागेत दोन खोल्या, बाहेरच्या खोलीत काकूंची शिलाई मशीन, दारात ब्लाउजपीसच्या थैल्या. सुहासिनीकाकूंनी मला ओळखलं नाही. 'टायपिंगवाला' म्हटल्यावर ओळखलं.

"अच्छा, तू तो. ये. बघ तुझ्या काकांना. बालवाडीत घातलंय."

काका जमिनीवर चटई टाकून बसले होते. जुन्या कॅलेंडरची पानं उलटी करून त्यावर द काढत होते. ओळीच्या ओळी. वेटोळं गेलं होतं. शेपटी सरळ खाली, दांड्यापासून लांब, जणू भांडण झालंय. आणि प्रत्येक द काढताना त्यांचा हात जरासा थांबत होता. बाकीची अक्षरं पूर्वीसारखी वाहत यायची. द आला की थांबा.

"बघ मानसराव. आता वाचता येतो का?"

"काका, पहिलाही वाचता येत होता."

"नको रे. बूढ्याला खुश करू नको."

मी बसलो. काकूंनी पोहे आणले. मी घरून ठरवून आलो होतो. येताना बसमध्ये वाक्यसुद्धा जमवलं होतं. म्हटलं, "काका, त्या दिवशी चूक तुमची नव्हती. मशीनची होती."

हे खरं होतं. आणि खरं बोलण्याचा इतका चोरटा प्रकार मी तोवर केला नव्हता.

काकांनी पेन खाली ठेवलं. "मशीनची?"

"हो. मशीननेच द चा छ केला. त्याच्यात एक सेटिंग असते."

मग त्यांचा चेहरा एकदम उजळला, जसं काही कोडं सुटलं.

"म्हणजे मशीनला माझा द वाचता आला नाही."

मी पोह्यांचा घास तसाच धरून राहिलो. मला समजायला थोडा वेळ लागला. काकांना वाटत होतं की कॉम्प्युटर त्यांचा कागद वाचतो. मी स्क्रीनकडे बघत नव्हतो, मशीनशेजारी त्यांचा कागद उभा करून ठेवला होता, माझी मान भलतीकडे. मग बघत कोण होतं? त्यांच्या हिशेबाने मशीनच.

"बघ, मी हिला म्हणतच होतो," ते काकूंकडे वळले. "माणसाला चालवून घ्यायची सवय असते. दिनानाथला वाचता यायचं कारण तो मला ओळखतो. मशीन कशाला ओळखेल? आता जमाना मशीनचा आहे, तर मशीनला कळेल असं लिहायला पाहिजे. छोडो, शिकतोय."

"या वयात," काकू म्हणाल्या.

"या वयातच. पहिले काय गरज होती?"

मशीन वाचत नाही काका, मी वाचतो. मीच वाचलं, मीच बघितलं नाही, आणि मीच तुमच्या अक्षरावर ढकललं. तीन छोटी वाक्यं. माझ्या स्पीडने तर तीन सेकंद. मी म्हटलं, "काकू, पोहे मस्त झालेत."

जाताना मी म्हटलं, अर्ज पुन्हा टाइप करून मी स्वतः शाळेत नेऊन देतो. काका नको नको म्हणाले. काकू म्हणाल्या, "जाऊ दे त्याला." मग दारापर्यंत आल्या, आणि तिथे आवाज खाली करून म्हणाल्या, "एक काम कर. एका मोठ्या कागदावर यांचं नाव काढून आण, नुसतं नाव. बरोबर. दारावर लावीन. गल्लीतली पोरं पण छत्तोपंत म्हणायला लागली आहेत. हे हसतात रे, पण आत येऊन मग पुन्हा कॅलेंडर घेऊन बसतात."

"उद्याच आणतो," मी म्हटलं.

अर्ज टाइप केला. स्क्रीनकडे बघत, एका बोटाने, नवशिक्यासारखा. अशोक भिया म्हणाले, काय रे, आजारी आहेस का. तीनदा वाचला. शाळेत गेलो, त्याच बाबूसमोर अर्ज ठेवला. त्याने वरचं नाव वाचलं.

"फिर आ गए ठंदौर वाले?"

"वो गलती टायपिंग की थी, सर. उनकी नहीं." हिंदीत, अनोळखी माणसासमोर, किती सोपं गेलं.

बाबूने मान वर केली. "टायपिंग किसने की थी?"

"दुकान पे," मी म्हटलं. "कोई लड़का है."

बाबू हसला. बोलव म्हणाला, बघू अक्षर.

काका शाळेत गेले. त्यांना एक कोरं प्रमाणपत्र दिलं, नाव लिहायला सांगितलं. लिहिलं. बाबूने ते हेडमास्तरांकडे नेलं, आणि काकांना सोमवारपासून यायला सांगितलं. नोकरी पक्की नाही, पण वर्षभराचं काम आहे, बसायला टेबल आहे, घंटा होते. घंटेचं त्यांना फार कौतुक. "भोंग्यासारखी नाही," दुकानात पेढा द्यायला आले तेव्हा म्हणाले, "पण सगळे एकाच वेळी उठतात."

मग काउंटरवर वाकून, गुपित सांगावं तसं: "मानसराव, नवीन द पास झाला. जुना काढला असता तर गेलो असतो. तू त्या दिवशी बोलला म्हणून. दुसऱ्या कोणी लिहाज केला असता, बोललाच नसता."

मी पेढा तोंडात टाकला, म्हणजे बोलायला लागू नये. मग विचारलं, "जुना द काढून दाखवा ना काका. एकदा."

त्यांनी निळं पेन काढलं, झेरॉक्सच्या खराब कागदावर टेकवलं. हात थांबला. शेपटी खाली गेली, वळायला लागली, आणि मध्येच अडली. वेटोळं जमलं नाही. काहीतरी ड सारखं झालं. ते बघून त्यांना हसू आलं.

"गेला," म्हणाले. "चला, अच्छा झाला."

परवा कोचिंगची एक मुलगी झेरॉक्सला आली. शाळेची प्रमाणपत्रं, पाच-सहा. सगळ्यात वर वाद-विवाद स्पर्धा, दुसरा क्रमांक, शिवांगी दुबे. शिवांगी असं वाहत आलेलं की बघत राहावं. मग दुबे. द सरळ, सुटा, शेपटी लांब, जणू कुणी बहिऱ्याशी बोलताना आवाज चढवावा. आणि तो काढण्याआधी पेन जिथे थांबलं होतं तिथे शाईचा एक बारीक ठिपका.

"भैया, कुछ गलत है क्या?" तिने विचारलं.

"नाही. म्हणजे, नहीं. सब सही है."

मशीनवर कागद ठेवला. झेरॉक्समध्ये ठिपका जरा जास्तच काळा येतो.

सुहासिनीकाकूंसाठी नावाचा कागद मी अर्ज पुन्हा टाइप केला त्याच संध्याकाळी काढला होता. मोठ्या अक्षरात, जाड कागदावर, वरून लॅमिनेशनसुद्धा केलं. दत्तोपंत सुपेकर, इंदौर. अगदी बरोबर आहे. खालच्या ड्रॉवरमध्ये आहे. रामबाग इथून फार लांब नाही. पण गेलो की काका तो हातात घेणार, चश्मा लावणार, द वर बोट ठेवणार, आणि म्हणणार, बघ, आता मशीनला वाचता आलं. त्यावर काय म्हणायचं ते मला अजून जमत नाही. गल्लीतली पोरं अजून छत्तोपंत म्हणतात, असं दिनानाथजी सांगत होते.